पोरीच्या शाळेचं ॲप: पाचातले अडीच स्टार, ते पण बसमुळं

ॲपचं नाव टाकत नाही, शाळेचं पण नाही, पोरगी अजून चार वर्षं तिथंच काढणार आहे आणि बेळगावात कोण कुणाचं काय लागतं सांगता येत नाही. पण आमच्या भागातल्या बऱ्याच इंग्लिश मीडियम शाळा हल्ली असलं काहीतरी ॲप घ्यायला लावतात, म्हणून लिहायला बसले.

आधी चांगलं सांगते. बस. आम्ही मच्छे गावात राहतो, पूर्वी पावसात पोरीला घेऊन अर्धा अर्धा तास रोडला उभं राहायचं, आता खानापूरकडनं येणारी बस देसूरला आली की फोन वाजतो, मग निवांत चप्पल घालायची. कधी कधी बस झाडशहापूरलाच दाखवते आणि खाली ड्रायव्हरमामा हॉर्न मारत असतात, पण चालतंय. फी भरली की पावती लगेच येते, ऑफिसच्या खिडकीपुढं उभं राहायला नको. होमवर्कचा विभाग म्हणजे नुसता देखावा, टीचर लोक अजून व्हॉट्सॲपवरच टाकतात.

आता खरी गोष्ट. ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा हे एवढं लांब काहीतरी आलं, इंग्लिशमधे नाहीतर कन्नडमधे, मराठी नाहीच. मी मराठी मीडियमची, कन्नड बाजारापुरतं मस्त बोलते पण कायद्याचं कन्नड वाचून कळायचं म्हणजे अवघड आहे ओ. खाली टिक करायची चौकोनी जागा, टिक नाही केली तर पुढं जात नाही. कॉन्टॅक्ट मागितले, माईक मागितला, लोकेशन मागितलं, सगळ्याला हो म्हणून मोकळी झाले. कुकर तीन शिट्ट्यांवर आलेला, कोण वाचत बसतंय.

मग पोरीचा वाढदिवस आला. सकाळी ॲपमधे पोस्टर, तेच शाळेच्या फेसबुक पेजवर, फोटो, पूर्ण नाव, वर्ग, तुकडी, जन्मतारीख, वर बापाचं नाव. पेज सगळ्या जगाला उघडं. मला आधी बरंच वाटलं खोटं कशाला बोलू, गावाकडं सगळ्यांना पाठवलं पण. आठवड्याभरानं एका ट्यूशनवाल्याचा फोन, ‘सहावीतली ना तुमची मुलगी’ म्हणून नावानिशी विचारायला लागला. नंबर ॲपमधनंच गेला असं मी म्हणत नाही, माझ्याकडं पुरावा नाही. पण पोटात गोळा आला तो आलाच.

आमचे दीर वकील आहेत, कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड बेंचला जातात. त्यांना विचारलं तर म्हणाले, वहिनी, २०२३ सालात डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झालाय, त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक पोर लहानच धरलंय, त्याची माहिती वापरायला आईबापाची संमती पाहिजे आणि ती खरंच आईबापानंच दिलीय हे तपासायला पण पाहिजे. पोरांवर नजर ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. हे मोडलं तर दंड २०० कोटीपर्यंत. आणि ज्या गोष्टीनं मी उडालेच ती ही, की संमती मागताना ते सगळं इंग्लिशमधे किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायला पाहिजे. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि मराठी त्यात आहे! म्हणजे आमच्याकडं पाटीपासून परिपत्रकापर्यंत भाषेवरनं एवढी वर्षं डोकं फुटतंय आणि इथं कायदा गपचूप आमच्या बाजूनं लिहून बसलाय.

हे घेऊन ऑफिसात गेले. आधी क्लार्क हसत हसत म्हणाला, ‘मॅडम, स्वल्प अड्जस्ट माडी’, म्हणजे जरा ॲडजस्ट करा. मग आतनं सर आले, ते म्हणाले ॲडमिशन फॉर्मवर तुमची सही आहे की, आणि तो कायदा अजून लागू कुठं झालाय. दुसऱ्या मुद्द्यात सर अर्धे बरोबर होते हे कबूल करते. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, पण संमतीची ही कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे पासून. बसचं लोकेशन बघता येतं म्हणाले, ते पण त्यांचंच बरोबर, पोरांच्या सुरक्षेसाठी हजेरी नाहीतर प्रवासातलं लोकेशन बघायला त्या नियमांत शाळांना सूट आहे. बघा की, मला बस नकोच आहे असं मी कधी म्हटलं? पण वाढदिवसाच्या पोस्टरात कसली आलीय सुरक्षा. आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं २०१७ सालीच नऊ न्यायाधीशांच्या बेंचनं सांगितलंय, त्याला मे महिन्याची वाट बघायला नको.

पोरीचं आधार कार्ड पण ॲपवर चढवायला सांगत होते, तिथं लाल फुली, म्हणजे भरायलाच पाहिजे. शाळेच्या ॲडमिशनला आधार सक्तीचं करता येत नाही हे २०१८ च्या आधार निकालात आहे असं दिरांनी सांगितलं होतं, ते तसंच बोलून दाखवलं तर सर म्हणाले ऑप्शनल आहे, राहू दे. मग फुली लाल कशाला करता ओ?

शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहिला, मराठीतच, फोटो आणि जन्मतारीख काढा म्हणून, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. आठ दिवसांनी पोस्टर गेलं. बाकीच्या पोरांची अजून आहेत. ॲपच्या हेल्पलाईनला फोन केला तर मराठी कधी येणार याला उत्तर एकच, फॉरवर्ड करतो मॅडम.

हे मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर ॲडमिनबाई घाबरून डिलीट करा म्हणायला लागल्या, ॲडमिनवर केस होते म्हणे. दुसऱ्यानं काहीतरी टाकलं म्हणून नुसत्या ॲडमिनला धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर बेंचनं २०२१ मधे म्हटलंय, ॲडमिनचा त्यात हात असला तर गोष्ट वेगळी. दीर म्हणतात निकाल तिकडचा, आमच्या कोर्टाला बंधनकारक नाही, दाखला म्हणून दाखवता येतो. इथं पण सीमा आडवी आलीच!

घ्यायचं असलं तर घ्या, तसं पण शाळा सोडणार नाही, वर्षाला सहाशे फीतच धरलेत. पण फोनच्या सेटिंगमधे जाऊन या ॲपचं माईक आणि कॉन्टॅक्ट बंद करा, लोकेशन पण. मला भीती होती की लोकेशन बंद केल्यावर बस दिसायची नाही, पण जीपीएस बसमधे असतोय, आपल्या फोनमधे नाही, बस दिसते तशीच दिसते. फक्त ॲप उघडलं की दरवेळी परवानग्या द्या म्हणून एक पट्टी येते, मी ‘नंतर’ दाबते.