फोटोतले नेचे

फेब्रुवारी 2025 मध्ये आम्ही बडोद्याचे चौघं हिमबिबट्याचे फोटो काढायला लडाखला गेलो आणि 6,28,000 रुपयांना फसलो. इतके दिवस हे घरात आणि पोलिसांपुढेच बोलले होते. पण गेल्या महिन्यात ओळखीतून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मंडळात कोणी स्लाइड शो दाखवून गेलंय, येत्या हिवाळ्यात मोहीम आहे, पहिला हप्ता भरायचाय, तुम्ही लडाखला जाऊन आलात म्हणून विचारते, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पाठवलेलं पत्रक उघडलं तर आम्हाला फसवणाऱ्याच्या पत्रकावरचाच फोटो. माणसाचं आडनाव तेवढं निराळं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त झाले. माझा मामेभाऊ, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातले काका (वय 66) आणि फाइन आर्ट्सला शिकणारी एक मुलगी, असे आम्ही थंडीतल्या रविवारी पहाटे बडोद्याजवळच्या वढवाण्याच्या तलावावर जातो. तिथे पट्टकादंब येतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडणारा पक्षी, आणि त्याची वीण लडाखच्या तळ्यांकाठीही होते. हे कळलं तेव्हापासून लडाख आमच्या बोलण्यात होतं. हा पक्षी जिथून येतो तिथे एकदा जाऊ, असं काका दर हिवाळ्यात म्हणायचे.

2024 च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या व्याख्यानांत एका पाहुण्याचा स्लाइड शो ठेवला होता. 'हिमालयातली दुर्मीळ मांजरं' असा विषय. मंडळातल्याच एकाच्या ओळखीने तो आला होता. पस्तिशीचा असेल, मूळचा पुण्याचा, अर्धं वर्ष लेहला राहतो म्हणाला. मराठी स्वच्छ, बोलणं नम्र. आरतीला उभा राहिला, प्रसाद घेतला, काकांना वाकून नमस्कार केला. मांडवात बाप्पासमोर बसून बोलणाऱ्या आपल्या माणसावर संशय घ्यावा, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

आणि तो जे सांगत होता त्यातलं बरंच खरं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण खोटं बोलणारा सगळंच खोटं बोलेल अशी आपली समजूत असते. भारतात हिमबिबटे किती याची पहिली देशव्यापी मोजणी 2019 ते 2023 या काळात झाली. जानेवारी 2024 मध्ये जाहीर झालेला आकडा 718, त्यातले 477 एकट्या लडाखमध्ये. हे त्याने सांगितलं आणि ते बरोबर आहे. 'मग लडाखमध्ये दिसणारच ना, ताई,' असं तो हसून म्हणाला आणि आम्ही माना डोलावल्या. लडाखचं क्षेत्रफळ सुमारे 59,000 चौरस किलोमीटर आहे. तिथल्या तिथे भागाकार केला असता तर सव्वाशे चौरस किलोमीटरला एक जनावर पडतं, म्हणजे आपलं अख्खं बडोदं शहर घेतलं तर जेमतेम दोन. तेही राखाडी, दगडाच्या रंगाचं, दिवसभर कड्यावर निजून राहणारं. जॉर्ज शॅलर यांच्यासारख्या जाणत्या शास्त्रज्ञाने 1970 मध्ये पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरात या प्राण्याचे रानातले पहिले फोटो काढले, त्याआधी ते कोणाला जमलं नव्हतं. असल्या जनावराचं दर्शन कोणी 'शंभर टक्के' म्हणून विकत असेल, तर तिथेच उठायला हवं होतं.

त्याची हमी अशी होती: सात दिवसांत हिमबिबट्या नक्की, शिवाय मनुल आणि लिंक्स, हिमबिबट्या नाही दिसला तर अर्धे पैसे परत. मनुल म्हणजे चपट्या डोक्याचं, बसक्या कानांचं, दाट केसांचं लहान रानमांजर. ते राहतं पूर्व लडाखमधल्या चांगथांगच्या उघड्या माळावर, हानलेकडे. हिमबिबट्यासाठी लोक जातात ते हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक खोऱ्यात किंवा लेहच्या पश्चिमेला उले गावाकडे. हानले बरोबर उलट्या दिशेला, लेहपासून अडीचशे किलोमीटरच्या पुढे. नकाशा उघडून पाहिला असता तरी सात दिवसांत हे सगळं बसत नाही हे कळलं असतं. पत्रकात पहिल्या दिवशी लेह आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट उले असं छापलं होतं. लेह सुमारे 3,500 मीटरवर, उले त्याहून वर, 4,000 मीटरच्या आसपास. आपलं बडोदं जेमतेम चाळीस मीटरवर. बडोद्याच्या माणसाला दुसऱ्याच दिवशी 4,000 मीटरवर नेणारा कार्यक्रम ज्याने लिहिला, त्याला एक तर डोंगर माहीत नव्हता किंवा आम्हाला तिथवर न्यायचंच नव्हतं.

आता त्या फोटोबद्दल. पत्रकाच्या पहिल्या पानावर हिमबिबट्याचा भला मोठा चेहरा होता. मिशांचा केस न् केस मोजता यावा इतका स्पष्ट, डोळ्यांत उजेडाचा ठिपका. खाली लिहिलं होतं, 'आमच्या उले मोहिमेत, फेब्रुवारी'. आम्ही पंधरा मिनिटं तो पाहत होतो. मागे शेवाळलेला दगड होता आणि दगडाच्या फटीतून हिरवेगार नेचे बाहेर आले होते. मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले की चित्रात आधी पार्श्वभूमी बघा, वस्तू कुठे आहे ते तीच सांगते. लडाख हे थंड वाळवंट आहे. फेब्रुवारीत तिथे गवताची काडीसुद्धा वाळलेली असते. तिथे नेचे कुठून येणार? मी चेहरा पाहिला आणि मागचं काही पाहिलंच नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

पैसे दोन हप्त्यांत दिले. ऑक्टोबरात माणशी 60,000, जानेवारीत माणशी 85,000. दोन्ही वेळा यूपीआयने, एका तिसऱ्याच व्यक्तीच्या नावावर. 'आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याचं काम चालू आहे,' असं उत्तर मिळालं. मामेभावाने पावती मागितली तर जीएसटी नंबर छापलेली सुंदर पावती लगेच आली. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. आम्ही ते परत आल्यावर केलं. नंबर खरा होता, पण एका कापडाच्या दुकानाचा.

दिल्ली ते लेह विमानाची जाण्यायेण्याची तिकिटं त्याने काढली. आमच्या हातात पीडीएफ आल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. जाण्याची तिकिटं चालली. परतीची त्याने काढून, आम्हाला पाठवून, तिसऱ्या दिवशी रद्द केली होती. परतावा त्याच्या खात्यात. कागद तर आमच्याकडे तसाच होता. तिकीट दुसऱ्याने काढलं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पीएनआर स्वतः विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघा. ते काम मिनिटाभराचं आहे.

लेहला उतरलो तेव्हा एक ड्रायव्हर घ्यायला आला होता, हॉटेलात दोन रात्रींचे पैसे भरलेले होते. सगळं ठरल्याप्रमाणे वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाचा फोन आला. वन्यजीव विभागाचं परमिट आणि जादा स्पॉटर (प्राणी शोधून दाखवणारा माणूस) यांचे माणशी 12,000 लगेच पाठवा, नाहीतर आजची एंट्री जाईल, असं त्याचं म्हणणं. आवाजात घाई होती. आम्ही 48,000 पाठवले. सरकारी फी असेल तर तिची पावतीही सरकारीच मिळते, हे तेव्हा सुचलं नाही.

सामान खाली आणलं तेव्हा ड्रायव्हरने काकांकडे एकदा पाहिलं आणि डिकी उघडलीच नाही. काकांचं डोकं रात्रीपासून दुखत होतं, सकाळी उलटी झाली होती, आणि ते आम्हाला 'काही नाही, प्रवासाचं आहे' म्हणत होते. ड्रायव्हर मला म्हणाला, 'आचे-ले, आज ऊपर नहीं जाना.' आचे म्हणजे मोठी बहीण, ले हा आदराचा शब्द. त्याने हॉटेलातून ऑक्सिजन मोजायचं यंत्र मागवलं. आकडा 68 आला. आम्ही उलेऐवजी हॉस्पिटलात गेलो. काका दोन रात्री ऑक्सिजनवर होते. डॉक्टरांनी सांगितलं की याच अवस्थेत आणखी वर गेला असतात तर फुप्फुसात पाणी व्हायला वेळ लागला नसता. पैशाचं दुःख मी हळूहळू विसरेन. पण त्या पत्रकातल्या 'दुसरा दिवस: उले' या ओळीबद्दल त्या माणसाला मी माफ करू शकत नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ड्रायव्हरने विचारलं, उलेला कोणाकडे उतरणार होतात? आम्ही पत्रकातलं नाव सांगितलं. त्याने तिथल्या घरी फोन लावला. घरातल्या बाईंनी सांगितलं की असं बुकिंग नाही, फेब्रुवारीच्या सगळ्या खोल्या केव्हाच भरल्यात, आणि या माणसाच्या नावाने चौकशी करणारे तुम्ही पहिले नाही. त्या क्षणी आमच्यातल्या फाइन आर्ट्सच्या मुलीने परतीचा पीएनआर तपासला. मग पत्रकातला फोटो इंटरनेटवर टाकून तो मुळात कुठला ते शोधून पाहिलं. तो दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात एका पर्यटकाने काढलेला निघाला. तिथे हिमबिबट्यांचं प्रजनन होतं, तिथली हवा ओली, तिथे नेचे असणारच. त्या माणसाचा फोन तोपर्यंत बंद झाला होता.

दुपारी साडेचारला आम्ही 1930 वर फोन केला. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन. त्याबरोबर सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवायची असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचं खातं हे सगळं हातात ठेवा. सकाळी पाठवलेल्या 48,000 पैकी 31,500 त्या खात्यात अजून होते, ते गोठवले गेले आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. ऑक्टोबर आणि जानेवारीचे पैसे केव्हाच पुढच्या खात्यांत आणि तिथून रोख होऊन गेले होते. त्या दिवशी लाज वाटून, 'घरी जाऊन बघू' म्हणून थांबलो असतो तर हे 31,500 ही गेले असते. बडोद्याला येऊन फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. तपास चालू आहे. मंडळातल्या ज्यांनी त्याला आणलं होतं ते स्वतः साक्षीला आले, त्यांनाही त्याने तसंच गुंडाळलं होतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

काकांना बरं वाटल्यावर मामेभाऊ त्यांना घेऊन विमानाने परतला. मी आणि ती मुलगी तीन दिवस राहिलो, स्वतःच्या पैशाने. ड्रायव्हरने त्याच्या मावसभावाची गाठ घालून दिली, तो रुंबककडचा, दुर्बीण लावून बसणारा. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, दिसेल का? तो म्हणाला, 'शान है तो सही. दिखेगा या नहीं, वो शान जाने.' शान म्हणजे लडाखीत हिमबिबट्या. त्याने आगाऊ एक रुपया घेतला नाही.

तीन दिवस पहाटेपासून समोरचा डोंगर न्याहाळला. बॅटरी थंडीने तासात उतरायची, म्हणून दोन बॅटऱ्या स्वेटरच्या आत ठेवायचो. भरलांचा, म्हणजे तिथल्या रानमेंढ्यांचा, कळप दिसला, एक सोनेरी गरुड दिसला. एका बाहेर झुकलेल्या खडकाखाली त्याने आम्हाला शानच्या मूत्राचा वास घ्यायला लावला, उग्र आणि ताजा. खाली मातीत मागच्या पायांनी ओढलेले दोन ओरखडे होते आणि शेजारच्या बर्फात पंजे. हिमबिबट्या दिसला नाही.

त्या बाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. घरातल्या माणसाशी बोलल्याशिवाय होमस्टेचे पैसे भरू नका, आणि फोटोत मागे काय आहे ते आधी बघा, हेही सांगितलं. त्यांनी हप्ता थांबवला आहे, पण त्यांच्या ग्रुपमधल्या दोघांनी आधीच भरला होता. त्यांना त्याच संध्याकाळी 1930 वर फोन करायला लावलं.

यंदाच्या गणपतीत मी मंडळाकडे तीच वेळ मागितली आहे. पडद्यावर दोन फोटो शेजारीशेजारी लावणार आहे. एकात पत्रकातला चेहरा आणि नेचे. दुसऱ्यात रुंबकचा मी काढलेला खडक, कोरडा, करडा, आणि त्याच्या पायथ्याशी बर्फात उमटलेले पंजे. काका पहिल्या रांगेत बसणार आहेत.