वर्गाचं एक पुस्तक की ज्याचं त्याचं वेगळं?

आठवड्यातली एखादी तासिका अवांतर वाचनासाठी मिळाली की मराठीच्या शिक्षकाला ठरवावं लागतं: सगळ्या वर्गाने मिळून एकच पुस्तक वाचायचं, की प्रत्येकाने कपाटातून आपापल्या आवडीचं घ्यायचं? सहावी ते आठवीच्या वर्गांवर मी दोन्ही करून पाहिलं आहे. तुमची शाळा, तुमची मुलं वेगळी असतील, त्यामुळे माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच घ्या.

ज्याचं त्याचं पुस्तक या पद्धतीचं पारडं आधीच जड वाटतं, आणि त्याला कारण आहे. सातवीच्या एकाच वर्गात घरचे दिवाळी अंक फस्त करणारी मुलगी असते आणि जोडाक्षरापाशी अडखळणारा मुलगाही. दोघांच्या हाती एकच पुस्तक देणं दोघांनाही जाचक. पुस्तकं मिळवणंही आता अवघड नाही. बालभारतीचं ‘किशोर’ हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. वाचनाची गोडी लावायला याहून चांगला मार्ग मी तरी पाहिलेला नाही. घंटा झाल्यावरही मान वर न करणारी मुलं मला याच तासाला भेटली.

पण गोडी लागल्यावर पुढे काय? रसग्रहण म्हणजे मजकुराशी भिडणं, आणि तिथे ही पद्धत मला सतत अडवत राहिली. मुलगा येऊन सांगतो, ‘‘सर, यातला मामा वाईट आहे.’’ मी विचारतो, ‘‘कशावरून?’’ की तो पहिल्यापासून अख्खी गोष्ट सांगायला लागतो. ते पुस्तक मी वाचलेलं नसतं, त्याच्या बाकावरच्या मित्रानेही नसतं. त्याचं म्हणणं खोडणारं किंवा उचलून धरणारं वर्गात कोणीच नाही. लिहून आणायला सांगावं तर मलपृष्ठावरचा मजकूर सुवाच्य अक्षरात वहीत उतरतो आणि खाली ‘मला हे पुस्तक खूप आवडले’. चाळीस मुलांची चाळीस पुस्तकं शिक्षकाने आधी वाचून ठेवावीत, ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. माझ्यापुरता निर्णय या एका ‘कशावरून’ने केला.

एकच पुस्तक घेतलं की हा प्रश्न सगळ्या वर्गाचा होतो. मी ‘श्यामची आई’ घेतो. एक कारण साधं आहे. साने गुरुजी १९५० साली गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे अनेक प्रकाशकांच्या स्वस्त प्रती मिळतात. प्रत्येकाच्या प्रतीत पानांचे आकडे वेगळे येतात खरे, पण पुस्तक बेचाळीस रात्रींत, म्हणजे प्रकरणांत, विभागलेलं आहे. पानाऐवजी रात्र आणि परिच्छेद सांगितला की काम भागतं.

‘अळणी भाजी’ची रात्र घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरली आहे, वडील तसं भासू न देता जेवतात, मुलंही गप्प राहतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. ‘वडील का बोलले नाहीत?’ असं विचारलं की बहुतेक हात वर होतात: ‘प्रेम होतं म्हणून.’ मग विचारायचं, ‘प्रेम’ हा शब्द तिथे लिहिलाय का? नसेल तर तुम्हाला कुठल्या वाक्यावरून वाटलं? मुलं बोट ठेवून ओळी शोधू लागतात. एका वर्षी एका मुलीने हरकत घेतली: न सांगितल्यामुळे आईला नंतर जास्तच वाईट वाटलं, मग हे प्रेम कसं? अर्धा वर्ग तिच्या बाजूने गेला, अर्धा वडिलांच्या, आणि दोन्हीकडचे पुरावे त्याच पानावरचे. आठवीत याच्या पुढे जाता येतं: हे सांगतोय तो मोठा झालेला श्याम, ऐकताहेत आश्रमातले मित्र; त्या वेळच्या लहान श्यामला हे सगळं असंच वाटलं असेल का? निवेदक म्हणजे काय, हे व्याख्या न देता मुलांना कळतं.

या पद्धतीचे जाच आहेतच. भरभर वाचणारी मुलं पुढचं आधीच फोडतात. काहींना जुनी भाषा आणि कोकणातल्या ब्राह्मण घरातलं जग परकं वाटतं, आणि ते त्यांनी वर्गात मोकळेपणाने म्हणावं, असं मला वाटतं. शिवाय श्याम स्वतःच बोध सांगत जातो, त्यामुळे मुलं नेमकं तेच वाक्य उचलून उत्तर म्हणून देतात. मी वाचताना अशा जागी थांबतो, बोध बाजूला ठेवून आधी चर्चा करतो आणि मग तो परिच्छेद वाचतो. श्यामने काढलेला अर्थ मुलांनी काढलेल्या अर्थाशी जुळतो की नाही, यावर आणखी दहा मिनिटं सहज जातात.

वर्गातली बरीच मुलं अजून सलग परिच्छेद वाचू शकत नसतील, तर निदान पहिलं सत्र ज्याच्या त्याच्या पुस्तकालाच द्यावं. तिथे माझा आग्रह नाही. वाचता येतंय पण ‘कशावरून’ला उत्तर येत नाही, असा वर्ग असेल आणि हाती एकच तासिका असेल, तर मी एकच पुस्तक घेईन. तेही पहिल्या रात्रीपासून क्रमाने नको. रात्री सुट्या आहेत, एकेक तासात बसतात. सुरुवात ‘अळणी भाजी’पासून करा, नंतर ‘श्यामचे पोहणे’ घ्या. आपापली पुस्तकं मुलांनी शनिवारी घरी न्यावीत, आणि त्यांवर काहीही लिहून मागू नये.