पद्मिनीचं इंजिन: मूळचं बांधावं की निसान टाकावं?

जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट, ऑइल प्यायला लागली, सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, की मिस्त्रींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हेच बांधायचं, की निसान टाकूया?" बांधायचं म्हणजे इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायचं. निसान म्हणजे 118 एनई या गाडीतलं निसानचं ए12 इंजिन. ते प्रीमियरनेच 1985 मध्ये स्वतःच्या गाडीत घातलं, त्यामुळे 'घरचंच इंजिन आहे' असं म्हणून त्याची शिफारस करायला सोपं जातं. जिप्सीचं इंजिन, डिझेल अशाही सूचना येतात, पण त्या हौसेच्या किंवा वैतागाच्या. बेताच्या खर्चात विचार करायचा तर पर्याय हे दोनच.

मी मूळचं 1089 सीसी बांधून घेतलं. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपला पडून होतं, तेवढे दिवस एका मित्राने त्याची निसानवाली पद्मिनी मला वापरायला दिली होती. कोल्हापुरात रोजची कामं, आंबा घाटातून रत्नागिरी, भर पावसात गगनबावडा, सगळीकडे ती फिरवली. मोजमाप काही केलेलं नाही. जे सांगतोय ते हाताला, कानाला आणि खिशाला जाणवलेलं आहे, तेव्हा त्याच बेताने घ्या.

चाळीस हॉर्सपॉवर विरुद्ध बावन्न, हा आकडा सगळे तोंडावर फेकतात. माझ्या मते त्याहून बोअर आणि स्ट्रोकचा, म्हणजे सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची वर-खाली धाव यांचा हिशेब जास्त बोलका आहे. पद्मिनीचं मूळ फियाट इंजिन 68 बाय 75 मिलिमीटर, म्हणजे लांब स्ट्रोकचं. ते खालून ओढतं. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पार मंदावली तरी कुरकुर न करता पुन्हा उचलते. ए12 आहे 73 बाय 70, त्याला फिरायला आवडतं. शिवाय त्याच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, पाच मेन बेअरिंग, आपल्याला तीन. हायवेला ऐंशीच्या पुढे गेलात की हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. मूळ इंजिन तिथे गुरगुरायला लागतं आणि आपण आपोआप पाय सैल करतो. निसान मात्र अजून पुढे जायची तयारी दाखवतं. पुणे-कोल्हापूर वारंवार करणाऱ्याला निसानची ओढ वाटली तर त्यात नवल नाही.

पण आपली तुलना नेहमी थोडी अन्यायाची असते. एका बाजूला चाळीस वर्षांचं थकलेलं फियाट आणि दुसऱ्या बाजूला नुकतंच बसवलेलं निसान. मूळ इंजिन नीट बांधून त्याला तीन-चार स्वस्त सुधारणा केल्या, की अंतर बरंच कमी होतं. माझ्या गाडीत सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर ठिणगीचे जुने पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट घातल्याने. सकाळी चोक ओढून दोन-तीनदा सेल्फ मारायची सवय गेली. दुसरं, डायनॅमो काढून अल्टरनेटर. रात्री सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे पडायचे, वायपर दमायचे, ते थांबलं. तिसरं म्हणजे कार्बोरेटर. यात बहुतेक जण मारुती 800 चा कार्बोरेटर अॅडॅप्टर लावून बसवतात. वाईट नाही, पण मला त्यात पिकअपच्या वेळी मध्येच एक खड्डा जाणवला. मूळच्या सोलेक्स कार्बोरेटरचा दोष बहुतेकदा जेटमध्ये नसतो, थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते त्या स्पिंडलमध्ये असतो. स्पिंडल बोटांनी धरून वर-खाली हलवून बघा. खुळखुळला, तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग काही केल्या लागत नाही. मग मिस्त्री स्क्रू पिळत बसतात आणि आपण पेट्रोल जाळत. लेथवाल्याकडून तिथे नवीन बुश घालून घेतला, की जुना सोलेक्स शहाण्यासारखा वागतो.

बांधणीबद्दल एवढंच, की क्रँक आधी कितीदा ग्राइंड होऊन, म्हणजे घासून, लहान झालाय ते इंजिन उतरवल्यावर लगेच बघायला सांगा. हेडचं फेसिंगही (तळ घासून सपाट करणं) बेतानेच करून घ्या, जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढून घाटात इंजिन ठोकायला लागतं.

आता निसानकडे. ते स्वस्त पडतं असं सांगतात, आणि नुसत्या इंजिनाची किंमत ऐकली तर खरंही वाटतं. पण 118 एनई बंद होऊनही जमाना झाला. जे इंजिन 'चालू आहे' म्हणून तुमच्यासमोर ठेवतात, ते कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीतून आलेलं असतं. म्हणजे रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह हे सगळं त्यालाही आज ना उद्या लागणारच. त्याशिवाय माउंटिंग बनवून घ्यायच्या, प्रॉपेलर शाफ्ट कापून जोडून बॅलन्स करायचा, सायलेन्सरचा पुढचा पाइप, क्लचचं लिंकेज, रेडिएटरचे होज. ही यादी कोटेशनमध्ये कधीच पूर्ण नसते. काम करणाऱ्याचा हात चांगला असेल तर सगळं जमतं. मित्राच्या गाडीचं काम खरोखर स्वच्छ होतं. तरी त्याचा खर्च माझ्या बांधणीच्या पुढेच गेला, हे तोही कबूल करतो.

इथपर्यंत तराजू जवळपास सारखाच होता. माझ्यापुरता तो झुकवला गिअरच्या दांडीने.

निसानचं इंजिन येताना सहसा त्याचा गिअरबॉक्स घेऊन येतं, आणि त्याची दांडी जमिनीतून वर येते. हाच मोठा फायदा म्हणून सांगितला जातो, 'फ्लोअर गिअर मिळतो.' स्टिअरिंगवरच्या गिअरचा जाच ज्याने भोगलाय, त्याला हे पटतंही. भर चौकात लिंकेज अडकतं, मग खाली उतरून बॉनेट उघडायचं, दांड्या हाताने ओढून न्यूट्रल करायचं आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत परत आत बसायचं. हे मीही केलंय. पण पद्मिनीला पुढे सलग सीट आहे आणि माझ्या घरात ती सीट तिघांची आहे. मित्राच्या गाडीतही सलग सीट तशीच ठेवलेली. दुसरा किंवा चौथा टाकताना दांडी मागे येते, आणि तिची मूठ बरोबर मधे बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर. मधे कुणी नसलं तर सीटच्या कडेला घासते. तिथलं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. मिस्त्रींनी दांडी गॅसवर तापवून पुढे वाकवली होती, तर मग पहिला टाकताना बोटं डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्याला लागत. आंबा घाटात वळणावळणाला दुसरा आणि तिसरा, दुसरा आणि तिसरा. आणि प्रत्येक वेळी आईला "गुडघा जरा" म्हणायचं. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा ती सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली. "तुझी गाडी कधी होणार?" एवढंच तिने विचारलं.

याला उपाय आहे, बकेट सीट. कंपनीनेही एस1 मॉडेलला फ्लोअर गिअर दिला तेव्हा बकेट सीटच दिल्या होत्या, त्यामागचं कारण मला त्या घाटात कळलं. पण तेव्हा एक माणूस कमी झाला, सीटचा खर्च वाढला, आणि पद्मिनीत बसल्यावर जो ऐसपैसपणा वाटतो तो गेला. स्टिअरिंगवरच्या गिअरचे सगळे बुश मात्र मी इंजिनासोबतच बदलून घेतले. ते काम किरकोळ खर्चाचं आहे, आणि अजून तरी चौकात उतरायची वेळ आलेली नाही. तुमच्या पुढच्या सीटवर दोनच माणसं बसत असतील, तर हा दांडी आणि सीटचा सगळा मुद्दा तुमच्यासाठी गैरलागू समजा.

कागदांचा मुद्दा मात्र सगळ्यांना लागू आहे. ब्लॉक तोच राहिला की आरसीवरचा इंजिन नंबर तोच राहतो, पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या फेरनोंदणीला विचारणा होत नाही. निसान टाकायचं तर आधी आरटीओची परवानगी हवी, आणि 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून मूळ रचनेतल्या बदलांकडे यंत्रणा जास्त बारकाईने बघते. 'नंतर बघू' म्हणणारे खूप आहेत. अपघात झाला आणि विमा कंपनीने नंबर जुळवून बघितला, तर तेव्हा बघण्यासारखं काही उरत नाही. आणखी एक गोष्ट. 2021 च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी मिळू शकते, पण इंजिन, चासी, बॉडी मूळची असेल तरच. पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांची पन्नाशी उलटलीही. विंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, तेव्हा सगळ्यांनाच ती हवी असेल असं नाही. तरी तो दरवाजा आपल्याच हाताने कशाला बंद करायचा, असं मला वाटतं.

दोन्ही इंजिनांना सारखाच छळणारा विषय पेट्रोलचा. इथेनॉल वाढल्यापासून जुने रबरी पाइप आणि पंपाचे डायफ्रॅम लवकर फुगतात, तडकतात. उन्हाळ्यात एसी पंपावर, म्हणजे इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर, ओलं फडकं टाकायची आपली जुनी विद्या आहेच; पण मूळ ठेवा नाहीतर निसान, टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप आणि इथेनॉलला टिकणारे नवे पाइप त्याच खर्चात धरा. ब्रेकचंही तेच. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीला बावन्न हॉर्सपॉवर देताना लायनर आणि व्हील सिलिंडर आधी बघून घ्या.

निसान कुणी घ्यावं? ज्याचा ब्लॉक तडकलाय, किंवा क्रँक घासून घासून शेवटच्या साइजच्या बेअरिंगलाही बसत नाही, त्याने. मूळ ब्लॉक आता पूर्वीसारखा मिळत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, आणि टॅक्सी मोडीत निघून सामान बाजारात यायचं तो ओघही आटला. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला खेप टाकून बघा, पण हातात येईपर्यंत मिळाला असं धरू नका. तोही नाही मिळाला तर मग निसानच. आधी परवानगी, मग इंजिन, आणि सीटवाल्याला त्याच आठवड्यात माप देऊन ठेवा. बाकी ज्याचा ब्लॉक धड आहे, त्याने उद्यमनगरात किंवा आपल्या गावच्या चांगल्या मशीन शॉपमध्ये एकदा बोअरचं माप काढून घ्यावं आणि मगच मिस्त्रींच्या प्रश्नाला उत्तर द्यावं.