लेझरची अंधारखोली की कॉम्प्युटरची रांग?

एमएस्सी झाली, नेट-जेआरएफ निघालं, विषयही ठरला: प्रकाश शोषणारे रेणू. आता घोडं अडलंय ते पीएचडी फेमटोसेकंद लेझरवर करायची (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) की गणनात्मक रसायनशास्त्रात, म्हणजे रेणूंचं वागणं कॉम्प्युटरवर गणिताने काढण्यात, एवढ्यावरच. मी पहिलं वर्ष लेझरवर काढलं आणि मग कॉम्प्युटरकडे वळलो. त्यामुळे माझं पारडं जरा कललेलं आहे, ते धरूनच वाचा.

लेझरवर जे दिसतं त्याला तोड नाही. डोळ्यातल्या रेटिनल या प्रकाश टिपणाऱ्या रेणूचा वळसा सुमारे 200 फेमटोसेकंदांत पुरा होतो, हे 1991 साली मोजून दाखवलं ते लेझरवाल्यांनीच. (हे पिकोसेकंदाच्या, म्हणजे हजार फेमटोसेकंदांच्या, आत उरकत असणार, असं गणनात्मक रसायनशास्त्रज्ञ वॉर्शेल यांचं गणित 1976 सालीच सांगत होतं. आमच्याकडचे लोक ही गोष्ट चहावर हमखास काढतात.)

पण अलाइनमेंट! पंप (रेणूला उत्तेजित करणारा) आणि प्रोब (पुढे काय झालं ते टिपणारा) हे दोन किरण नमुन्यातल्या एकाच टिंबावर पडायला हवेत, आणि तेही वेळ साधून. फेमटोसेकंदात प्रकाश जेमतेम 0.3 मायक्रोमीटर सरकतो, यावरून काय ते समजा. जुलैतल्या एका रात्री वीज गेली, एसी बंद. सकाळी खोली दमट, आरसे जागच्या जागी आणि सिग्नल गायब. तीन दिवस मी जुनं व्हिजिटिंग कार्ड हातात धरून ठिपका शोधत होतो. सापडला तोवर द्रावणाचा रंग उडाला होता. पुन्हा नवा नमुना, म्हणजे पुन्हा सिंथेसिसवाल्या मित्राच्या विनवण्या.

कॉम्प्युटरवर सगळं सुखाचं आहे असं नाही. टीडी-डीएफटीत, म्हणजे शोषणाची ऊर्जा काढायच्या नेहमीच्या पद्धतीत, 0.3 इलेक्ट्रॉन व्होल्टची चूक सहज होते. म्हणजे 500 नॅनोमीटरचं शोषण 446 वर नाहीतर 569 वर. चार्ज-ट्रान्सफर अवस्थेला (इलेक्ट्रॉन रेणूच्या एका भागातून दुसऱ्यात जातो ती) त्यातलं बी3एलवायपी हे लोकप्रिय सूत्र लावलंत तर विचारूच नका. कॅसएससीएफ या दुसऱ्या पद्धतीत हवं ते ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनची जागा) ॲक्टिव्ह स्पेसमधून, म्हणजे गणितासाठी निवडलेल्या संचातून, गुपचूप निसटतं आणि नको ते आत येऊन बसतं. वर चुकलेलं उत्तरसुद्धा सहा दशांश स्थळांपर्यंत नीटनेटकं छापून येतं! लेझर इतकं गोड फसवत नाही, हे मान्य.

तरी वॉलटाइम (जॉबला दिलेली वेळ) संपून जॉब मेला, तर चेकपॉइंट फाइल असते. रात्री सोडलेलं सकाळी तिथूनच उचलायचं. कालचं काम आज शिल्लक असणं ही किती मोठी चैन आहे, हे मला त्या कार्डानेच शिकवलं.

पुढे प्राध्यापकी मिळाली, तर लेझर उभा करण्यात पहिली काही वर्षं आणि बराच निधी जातो. आमच्यासारख्यांना संस्थेच्या क्लस्टरवर, पुण्याच्या आयसरमध्ये आहे तशा एखाद्या 'परम ब्रह्म' महासंगणकावर, लवकर कामाला लागता येतं. अर्थात म्हणूनच इकडे अर्जांची गर्दीही जास्त असावी, असं मला वाटतं.

हाताने काही जुळवल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसेल, तर माझं ऐकू नका. फक्त गाइड पक्का करण्याआधी दोन आठवडे त्या अंधारखोलीत काढा, आणि ते जुलैत.