कोर्निश शब्दांचा ऑनलाइन कोर्स, नाशिकमधून घेतलेला अनुभव

कोर्निश म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे ना तिथली भाषा, वेल्श आणि ब्रेटन (फ्रान्सच्या वायव्य टोकाची भाषा) यांची बहीण, अठराव्या शतकाच्या शेवटी बोलणारे जवळपास संपलेच होते आणि मग १९०४ला हेन्री जेनर या अभ्यासकाच्या कोर्निशवरच्या पुस्तकापासून लोकांनी परत शिकायला घेतली. युनेस्कोने २०१०मध्ये "नामशेष" हा शिक्का काढला, मला हे वाचूनच भरून आलं.

मी तब्येत आणि बाहेर फिरणं हे दोन धडे घेतले. येहेस म्हणजे आरोग्य, ग्लाव पाऊस, ग्विन्स वारा, त्रेथ समुद्रकिनारा, केर्धेस चालणं. सकाळी गोदापार्कला हेडफोन लावून चालताना ऐकायचं, सोबत पुटपुटायचं, आणि पावसाळ्यात ग्लाव तर न घोकता पाठ होतो! ऑडिओ फार सुंदर आहे, बोलणारे हळू आणि स्पष्ट बोलतात.

अडचण येते ती शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं तिथे, पेन्न म्हणजे डोकं पण "माझं डोकं" म्हणताना त्याचं फेन्न होतं, आणि कोर्समध्ये यावर एकच ओळ, नवीन माणूस तिथेच अडकतो हो. डॉक्टरकडे काय दुखतंय ते सांगायची पूर्ण वाक्यंही अजून हवी होती. ऑफलाइन चालत नाही, त्यामुळे गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाणार असाल तर रेंज जाते हे धरूनच चला, घरीच धडा ऐकून निघा.

चार स्टार. भाषांची आवड असेल तर नक्की घ्या, अक्षर बदलायचे नियम मात्र वेगळ्या वहीत लिहून ठेवा.