गाणारं कोणी नाही, तरी हेडफोन काढवत नाही
ॲनिमल्स ॲज लीडर्स या अमेरिकन मेटल बँडचा 'द जॉय ऑफ मोशन' (२०१४) हा अल्बम परत ऐकला. बँडमध्ये तिघंच जण, गायक नाही, बासिस्ट (खालच्या सुरांची बास गिटार वाजवणारा) पण नाही, कारण टोसिन अबासी आणि हाविएर रेयेस दोघंही ८ तारांची गिटार वाजवतात आणि खालचे जाडे स्वर त्यातूनही निघतात. अबासीचा अंगठा नीट ऐका, बासवाले स्लॅप करतात तसा तो तारेवर खाली मारतो आणि वर येतानाही एक ठोका काढतो, मग गिटारच तालवाद्य होऊन बसते. ड्रमर मॅट गार्स्टकाच्या मात्रा मोजायला जावं तर हिशोब चुकतो पण मान हलत राहते, आणि अचानक तिघंही एकदम समेवर आले की अंगावर काटाच येतो राव!

लोक म्हणतात नुसतं बोटांचं कसब आहे, भावना कुठंय? मला अजिबात नाही पटत. मधे जिथे डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा तो खरखरीत फाटका आवाज, बंद होतं आणि दोनचार सूर नुसते रेंगाळतात तिथे गळा दाटून येतो, शब्द नाहीत म्हणून आपल्या मनातलं जे काय असेल ते त्यात बसतं.

मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवणं, जरा जास्तच चकाचक वाटलं. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालच्या तारा गायबच होतात.