पांढऱ्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या

कांदा व्हिनेगरमध्ये मुरवण्यासाठी गेल्या महिन्यात किराणा दुकानातून पांढऱ्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या आणल्या. दोन्ही पाण्यासारख्या नितळ आणि आकारानेही सारख्याच होत्या. परंतु एकीची किंमत दुसरीच्या निम्म्याहून कमी होती. स्वस्त बाटलीच्या पुढच्या बाजूस हिरव्यागार मिरच्यांचे चित्र आहे आणि मागे, चष्म्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, ‘सिंथेटिक, ॲसेटिक ॲसिडपासून तयार केलेले’ अशी ओळ आहे. आपल्या अन्ननियमांनुसार अशा व्हिनेगरवर ही ओळ छापणे बंधनकारक आहे आणि निवड करताना आधी तीच शोधावी. घटकांच्या यादीत पाणी आणि अम्लता नियामक २६०, एवढेच आहे.

२६० म्हणजे ॲसेटिक आम्ल. हे आम्ल कारखान्यात मुख्यतः मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगातून बनते आणि त्यात पाणी मिसळले की असे व्हिनेगर तयार होते. महाग बाटलीतील व्हिनेगर आंबवलेले आहे. पातळ केलेल्या मद्यार्काचे ॲसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेच्या साहाय्याने आम्लात रूपांतर करतात. पूर्वी हा मद्यार्क बीच लाकडाच्या ढलप्यांवरून झिरपवीत असत. आता मोठ्या टाक्यांमध्ये अखंड हवा खेळवली जाते आणि तो पुरवठा थोडा वेळ जरी खंडित झाला तरी जिवाणू मरू लागतात. आम्लाचा रेणू मात्र दोन्ही बाटल्यांत एकच आहे. तो खनिज इंधनातून आला की वनस्पतीतून, हे प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी कार्बनच्या प्रमाणावरून ओळखता येते, जिभेवरून खात्रीने नाही.

तरीही चवीत फरक जाणवला. स्वस्त व्हिनेगरचा वास झाकण उघडताच नाकाला झोंबला आणि त्यात मुरवलेल्या कांद्याचा आंबटपणा घशाशी रेंगाळत राहिला. दुसऱ्यातील कांदा तितकाच आंबट, पण चवीला गोलसर लागला. पनीरसाठी दूध फाडताना दोन्ही सारखीच उपयोगी पडली. गोव्यात माडाच्या सुरेपासून होणाऱ्या व्हिनेगरला जो गंध असतो, तो मात्र यांपैकी एकातही नाही, त्यामुळे विंदालूसाठी दोन्ही गैरलागू आहेत.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे आम्लता. नियमानुसार ती किमान ३.७५ टक्के असावी लागते. स्वस्त बाटलीवर ४ आणि महाग बाटलीवर ५ टक्के लिहिले आहे. दोन दिवसांत संपणाऱ्या कांद्याला ४ टक्के पुरेसे आहे, परंतु फ्रिजबाहेर टिकवायच्या पदार्थांच्या पाककृती सहसा ५ टक्के गृहीत धरून लिहिलेल्या असतात. किमतींची तुलना करतानाही हा आकडा लक्षात घेतला, तर स्वस्ताई दिसते तितकी राहत नाही.

स्वस्त बाटली आता किटलीतील क्षार काढण्यासाठी ठेवली आहे आणि त्या कामात ती उत्तम आहे. कडप्प्याचा ओटा व शहाबादी फरशी हे चुनखडक असल्याने त्यांवर व्हिनेगर टाकू नये, डाग पडतात. ब्लीचमध्ये तर ते कधीही मिसळू नये, कारण विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. स्वयंपाकासाठी मी पुन्हा आंबवलेलेच घेईन, परंतु त्याच्या उत्पादकाबाबत एक तक्रार आहे: मद्यार्क उसाच्या मळीचा की धान्याचा, हे इतके पैसे घेऊनही बाटलीवर कुठेही लिहिलेले नाही.